गुणाचं बाळ

"जरा मागं सरक, झोका बसंल," असं मला म्हणून अण्णांनी झोळीला धक्का दिला, आणि झोळीतली तांदळाची पिशवी आमच्या जुन्या गाडीत या दारापासून त्या दारापर्यंत डुलायला लागली.

हे चाललं होतं कोल्हापुरातल्या एका लहान मुलांच्या दवाखान्याच्या आवारात, भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. अण्णा म्हणजे माझे सासरे. एसटीच्या आगारात हातात पाना घेऊन लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. दोन्ही दारांवर धरायच्या ज्या कड्या असतात त्यांना त्यांनी दोरी बांधली होती, दोरीला सासूबाईंचं जुनं लुगडं, आणि लुगड्यात बाळाच्या वजनाएवढा आजऱ्याचा घनसाळ तांदूळ. वॉचमनही एकदा जवळ येऊन बघून गेला. माझी मुलगी जन्मल्यापासून दवाखान्यातच होती आणि आता आजऱ्याला घरी निघायची होती. ती कशातून जाणार यावरून माझ्या माहेर-सासरात गोड बोलून भांडण लागलं होतं.

माहेरचा पक्ष म्हणजे माझा दादा. त्यानं सिंगापूरच्या मित्राकडून गाडीत बसवायची बाळाची सीट मागवली होती. खोक्यातून काढली तेव्हा अर्धा वॉर्ड बघायला आला. जाड गादी, खांद्यावरून येणारे पट्टे, आणि बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी ती बसवायची. धडक बसली तर तान्ह्या मुलाची मान सांभाळायला याच्यासारखं दुसरं काही नाही, हे दादा भेटेल त्याला सांगत होता, आणि ते खरंही होतं. अण्णांनी सीटभोवती एक फेरी मारली, एका पट्ट्याला हिसडा दिला आणि म्हणाले की एवढी गादी एसटीच्या ड्रायव्हरला दिली असती तर निम्म्यांच्या पाठी शाबूत राहिल्या असत्या. यापलीकडे त्यांनी सीटचं नाव काढलं नाही. ते दोरी आणायला बाजारात गेले.

नवरा फौजेत, रजा संपवून लेहला परत गेलेला. त्यामुळे दोन्हीकडचं ऐकून घ्यायला मी एकटी. मला तर वाटत होतं, सगळं जग नेतं तशी मी तिला मांडीवर घेऊन जाईन. तसं मी बोलून दाखवलं तेव्हा अण्णा एवढ्या कडक आवाजात "मांडीवर न्हाई" म्हणाले, की मी पुढचं वाक्य गिळलं. एरवी सुनेशी ते वर मान करून बोलत नसत. त्यांचा हा हेका मात्र मला लग्न झाल्यापासून ठाऊक होता. त्यांच्या गाडीत कुणाचंही लहान मूल मांडीवर बसत नसे. आम्ही त्याला फोरमनचा खाक्या म्हणायचो आणि मागे हसायचो.

बाळाची अडचण अशी होती. तिची हनुवटी जन्मतःच फार लहान आणि आत गेलेली होती. त्यामुळे जीभ मागे पडायची आणि श्वासाची वाट अडायची. तिला पालथंच निजवावं लागे. पालथी असली की जीभ पुढे येई आणि जेमतेम वाट मोकळी राही, पण तेव्हाही घशातून बारीक घरघर चालूच असायची. डॉक्टर इनामदारबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की या घरघरीला घाबरू नका, ती थांबली तर मात्र ताबडतोब बघा. जबडा वाढेल तशी वाट रुंद होणार होती. तोवर तिचा श्वास आम्ही राखायचा होता. अण्णांना हे लगेच पटलं. "इंजिन वाजतंय तवर काळजी न्हाई," असं म्हणून ते तासन् तास काचेपलीकडे कान देऊन उभे राहायचे.

सासूबाईंना मी आत्ती म्हणते, आमच्याकडे तशीच रीत आहे. आत्ती दिवसभर बाळाजवळ बसून असत. बोलणं मुळातच कमी. एकदा वॉर्डातली आया कौतुकानं म्हणाली, "किती गुणाचं बाळ, रडतच नाही." तर आत्ती ताडकन म्हणाल्या, "रडू दे की. रडाय नको व्हय पोरानं?" त्या दुपारी आत्तींनी डबा उघडला नाही.

दादाच्या सीटची परीक्षा इनामदारबाईंनी वॉर्डातच घेतली. बाळाला सीटमध्ये बसवलं, पट्टे लावले, पायाला प्राणवायू मोजणारं यंत्र जोडलं आणि म्हणाल्या की आता नुसतं बघत बसायचं, घरी पोचायला लागेल तेवढा वेळ. दादा हाताची घडी घालून उभा राहिला. सुरुवातीला सगळं छान होतं. बाळ टकामका बघत होतं, यंत्रावरचा आकडा जागच्या जागी होता. मग तिचा डोळा लागला. मान हळूहळू पुढे कलली, हनुवटी छातीला टेकली, आणि घरघर ऐकू येईनाशी झाली. आकडा उतरायला लागला. बाईंनी तो थोडाच उतरू दिला आणि तिला उचललं. पालथी केल्याबरोबर घरघर परत आली. मी पलंगाच्या कडेवर बसले.

दादाचा चेहरा पडला. अण्णांचा खुलला. त्यांनी खाकरून सांगितलं की आपली झोळी खाली तयार आहे, तांदूळ घालून तपासलेली. बाईंनी त्यांना हसण्यावारी नेलं नाही. खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "अण्णा, हनुवटी छातीला टेकवा. अशी, घट्ट. आता तोंड मिटून खोल श्वास घ्या."

अण्णांनी श्वास ओढला. अर्ध्यावर अडला.

"तुमचा एवढा मोठा घसा, तरी अडलं. तिची वाट गव्हाच्या काडीएवढी आहे. झोळीत बाळाचं मुटकुळं होतं आणि हनुवटी अशीच खाली जाते. या बाळाला सीट चालत नाही त्याच कारणानं झोळी अजिबात चालणार नाही. मांडीवर, पदराखाली गुंडाळून धरलं तरी तेच."

अण्णांची हनुवटी अजून खालीच होती. त्यांनी विचारलं, "मॅडम, असं झालं तर पोर रडतं का?"

"नाही हो. रडायला श्वास लागतो. ते झोपल्यासारखंच दिसतं."

"शेजारी बसलेल्या माणसाला कळत न्हाई?"

"मुद्दाम बघितलं नाही तर डॉक्टरलासुद्धा कळणार नाही."

अण्णा उठले आणि बाहेर गेले. मला वाटलं, झोळी हरली म्हणून रुसले. खिडकीतून पाहिलं तर ते आवारात गाडीचं दार उघडं टाकून आत बसले होते आणि दोरीची गाठ सोडत होते. एरवी पक्कड न लावता कसलीही गाठ सोडणारा माणूस, पण त्या गाठीला त्यांना फार वेळ लागला.

बाईंकडे तिसरी वस्तू होती. परदेशात शिकायला होत्या तेव्हा तिथून येताना त्यांनी अशाच बाळांसाठी एक गाडीतला पलंग आणून ठेवला होता. कडा उंच, आत सपाट गादी, बाळाभोवती यायला रुंद मऊ पट्टा. मला तर ती आमच्या घरची भाकरीची काठवटच वाटली, आणि पुढे सगळे तिला काठवटच म्हणायला लागले. ती मागच्या सीटवर आडवी ठेवून गाडीच्या पट्ट्यांनी जखडायची, बाळाचं डोकं दाराकडे नाही तर गाडीच्या मधल्या बाजूला. बाळ सपाट पालथं निजणार, मान सरळ.

दादानं विचारलंच की मग धडकेचं काय. बाई खोटा दिलासा देणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "धडकेपुरतं बोलायचं तर तुमची सीटच सरस आहे. ज्या बाळाला बसवता येतं त्याला मी सीटच सांगते. पण धडक बसेल किंवा बसणारही नाही. श्वास हिला सबंध वाट लागणार आहे." सीट टाकू नका, जबडा वाढला की परत परीक्षा घेऊ, असंही त्या म्हणाल्या. दादानं सीट पुन्हा खोक्यात घातली, पण खोकं चिकटपट्टीनं बंद केलं नाही.

आता खरी अडचण आत्तींची झाली. काठवटीत बाळ पालथं ठेवून बाईंनी पट्टा कसा लावायचा ते दाखवलं, तेव्हा आत्ती दोन पावलं मागे सरल्या.

"असं आडवं घालून बांधून न्यायचं?" त्या म्हणाल्या. "जित्या जिवाला असं बांधत्यात व्हय?"

आडवं घालून कुणाला बांधतात ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. खरं सांगते, तो पट्टा बघून माझ्याही मनात तेच आलं होतं. मी अण्णांकडे पाहिलं. रीतिभातीच्या बाबतीत ते आत्तींपेक्षा कडक. मला वाटलं आता ते काठवट उचलून बाहेर ठेवणार.

अण्णा म्हणाले, "बांधायचं. मी सोता बांधतो." त्यांनी बाईंकडून पट्टा दोनदा समजून घेतला, आणि गाडीत काठवट जखडताना गुडघा देऊन अशी आवळली की ती सीटचाच भाग झाली.

आम्ही निघालो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. मी औषधं घेऊन आले तोवर आत्तींनी बाळाला काठवटीत ठेवून वर कानापर्यंत मऊ दुपटं पांघरलं होतं. दादा फाटकापर्यंत आला. अण्णा गाडी चालवायला, मी मागे बाळाशेजारी आणि आत्ती पुढे. वॉर्डात बाळाजवळून क्षणभर न हलणारी ही बाई गाडीत मात्र आपण होऊन पुढे जाऊन बसली आणि दोन्ही हात पदरात घेतले. अण्णांनी बजावलं की कुणी बोलायचं नाही, रेडिओ नाही, हॉर्न अगदीच लागला तर. त्यांना मागचा आवाज ऐकायचा होता.

कागल गेलं, निपाणी गेली. घरघर चालू होती. मला अगदी मोकळं वाटायला लागलं होतं. उसाचे ट्रॅक्टर समोरून येत होते, त्यांना वाट देत अण्णा सावकाश चालले होते. उत्तूरच्या अलीकडे रस्त्याला खड्डे लागले, गाडी एकदोनदा चांगलीच उसळली.

आणि अण्णांनी एकदम गाडी बाजूला घेऊन थांबवली.

"वाजत न्हाई," ते म्हणाले.

मी बाळाशेजारी बसून होते आणि मला कळलं नव्हतं. ट्रॅक्टरच्या आवाजात मला वाटत होतं की घरघर चालूच आहे. मी दुपटं ओढून काढलं. बाळाच्या कपाळाखाली मोहरीची उशी होती. आमच्याकडे बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरी भरून शिवतात ती, तळहाताएवढी. ती डोक्याखाली ठेवलेली, गाडीच्या हिसक्यानं कपाळाखाली सरकली होती आणि हनुवटी छातीकडे वळली होती. ओठ जांभळे दिसत होते. मी उशी काढून फेकली, पट्टा सोडला, बाईंनी शिकवलं तसं दोन बोटांनी जबडा पुढे घेतला. काही झालं नाही. मग पाठ चोळली, तळव्यावर टिचकी मारली. तिनं एक आचका दिला, घरघर आली, आणि मागून रडणं आलं. तांबडी लाल होऊन ती रडायला लागली. तिला रडताना ऐकून मला एवढा आनंद कधी झाला नव्हता, आणि मीही रडत होते.

डोळे पुसून बघते तर आत्ती खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभ्या. उशी त्यांच्या हातात होती.

"मीच ठेवली," त्या म्हणाल्या. "डोकं गोल हुईल म्हणून. परत मीच."

परत म्हणजे काय ते मला कळेना. मला त्यांचा राग आला होता, अगदी मनापासून आला होता. अण्णा गाडीला वळसा घालून त्यांच्याजवळ गेले. अण्णा-आत्तींना पहिली एक मुलगी होऊन गेली, एवढंच मला नवऱ्यानं सांगितलेलं होतं. बाकीचं अण्णांनी तिथं, उसाच्या कडेला उभं राहून मला सांगितलं.

ती मुलगीसुद्धा कोल्हापूरच्या दवाखान्यातून याच रस्त्यानं घरी येत होती, एसटीतून. थंडीचे दिवस होते. आत्तींनी कुंची घालून, पदराखाली गुंडाळून मांडीवर धरली होती. सगळी गाडी कौतुक करत होती, किती गुणाचं बाळ, एवढ्या धक्क्यात रडत नाही. आजऱ्याला उतरून पदर बाजूला केला तेव्हा सगळं संपलं होतं. गाव म्हणालं, आईचा डोळा लागला, पोर पदरात गुदमरलं.

एवढं सांगून अण्णा माझ्याकडे पाठ करून आत्तींकडे वळले.

"आज मॅडमना इचारलं मी. झोपल्यागतच दिसतं, म्हणल्या. डॉक्टरलाबी कळत न्हाई. तुझा डोळा लागला न्हवता. मला म्हाईत हाय. मी शेजारी बसलो हुतो, मीबी तुमा दोघींकडंच बघत हुतो."

आत्तींनी विचारलं, "मग तवा का न्हाई बोलला?"

एक ट्रॅक्टर गेला, त्याच्या मागची धूळ बसली. मग अण्णा म्हणाले, "गाव बोलत हुतं, मी गप ऱ्हायलो. तुझी चूक न्हवती. तवाबी न्हवती, आत्ताबी न्हाई. कुणी सांगितलंच न्हाई आपल्याला, तर कळणार कसं?"

आत्ती रडल्या नाहीत. उशी त्यांनी रस्त्याकडेच्या गवतात ठेवली, नीट, जणू कुणाला तरी लागेल. मग गाडीच्या मागच्या दाराशी आल्या आणि अण्णांना विचारलं, "मी मागं बसू?"

"बस की," अण्णा म्हणाले. "इचारतीस काय."

पण मागे काठवटीशेजारी एकच जागा होती, आणि ती माझी होती. थोड्या वेळापूर्वी माझ्या पोरीचा जीव जाता जाता राहिला होता, आणि ज्यांच्या हातून ते झालं त्यांच्या हाती मी तिला द्यायची होती. मी बाळाला पुन्हा पालथं ठेवलं, मान सरळ केली, पट्टा लावला, हात घालून गादी सगळीकडून चाचपली. मग उतरले.

"पाठीवर हात ठेवा, आत्ती," मी म्हणाले. "आणि थांबलं की लगेच सांगा."

मी पुढे जाऊन बसले. गाडी सुरू झाली. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि तरी दर वळणाला बघत होते. आत्तींचा तळहात बाळाच्या पाठीवर होता आणि कान काठवटीच्या काठाला लागला होता.

"वाजतंय," त्या म्हणाल्या.

पुढच्या वळणावर पुन्हा, "वाजतंय." अण्णा नुसती मान हलवायचे. उत्तूर आलं, गेलं. आजऱ्याच्या पुलावर अंधारायला लागलं तेव्हा पुन्हा एकदा, "वाजतंय." मग मी वळून बघायचं सोडलं.

दारात शेजारच्या काकू भाकरतुकडा घेऊन थांबल्या होत्या. त्यांनी ओवाळलं, तुकडा टाकला आणि सवयीनं बाळ घ्यायला हात पुढे केले. आत्ती म्हणाल्या, "थांबा, मी घेते." पट्टा त्यांनीच सोडला. हनुवटीखाली हात देऊन, मान धरून, बाळ छातीशी न आवळता त्यांनी उंबरा ओलांडला.

काठवट आम्ही पुढे इनामदारबाईंना परत केली. बाळाचा जबडा वाढला, दादाची सीट दुसऱ्या परीक्षेत पास झाली, आणि अण्णांनी ती गाडीत अशी आवळून बसवली की काढायला दादाच यावा लागला. आता त्या गोष्टीला तेरा वर्षं झाली. मुलगी सातवीत आहे आणि दिवसभर तिच्या तोंडाला कुलूप नाही. शाळेतून येते ती बोलतच येते, जेवताना बोलते, झोपेतसुद्धा बोलते. सगळं घर वैतागून तिला गप्प बस म्हणतं, अण्णासुद्धा म्हणतात. आत्ती अजून एकदाही म्हणालेल्या नाहीत.